दवाखान्याचं सॉफ्टवेअर बंदरावर

हफीजाताई चिडली की तिचा आवाज चढत नाही, तिची भाषा शुद्ध होते. एरवी ती आमच्या मालकांना, गुरुप्रसाद सरांना, "गुरू, तू" म्हणते, कारण दोघं पॉलिटेक्निकला एका वर्गात होती. पण तिच्या टेबलावरून "आपण हे जे केले आहे त्याचे मला आश्चर्य वाटत नाही" असं वाक्य आलं, की मी फोन उचलून गॅलरीत जाते. आमचं ऑफिस रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ एका मिठाईच्या दुकानाच्या वर आहे. मी शमिका, सपोर्टला बसते. म्हणजे गिऱ्हाईकाचं सॉफ्टवेअर अडलं की शिव्या आधी मला मिळतात, आणि मग त्या मी गाळून ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या हफीजाताईपर्यंत पोचवते.

हफीजा सोलकर इथल्याच राजिवड्याची. वडील मालवाहू जहाजाच्या इंजिनावर कामाला होते. रजेवर आले की बंद पडलेला पंखा नाहीतर मिक्सर उघडून बसायचे आणि ही शेजारी. नवरा फुजैल कतारमध्ये दोह्याला गोदामात सुपरवायझर आहे. त्याने तिला तिकडे नेलं होतं, पण वर्षभरात ती मुलीला, झोयाला, घेऊन परत आली. तिथे एसी होता, गाडी होती, पण खिडकीतून काम करणारं माणूस दिसत नव्हतं, असं ती सांगते. तिला माणसं काम करताना बघायला आवडतं. कोण आधी काय करतो, कुठे थांबतो, कशावरून खेकसतो. सरांच्या मते हाच तिचा दोष आहे. त्यांचं म्हणणं असं की आपण सॉफ्टवेअर विकतो, आणि हिला सगळीकडे जाऊन बसायचं असतं.

खेडच्या एका हॉस्पिटलसाठी तिने जे केलं, ते असंच बसून केलं. नवरा-बायको दोघं डॉक्टर, दहा-पंधरा खाटा. ताई काही आठवडे एसटीने खेडला जायची आणि काउंटरमागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची. त्यातून 'निरामय' तयार झालं. पेशंटचा नंबर लावणं, खाट देणं, बिल, पुढच्या तपासणीची आठवण करून देणारा मेसेज, सगळं त्यात. छातीत दुखणारा माणूस आला तर तो नंबर तोडून पुढे जायचा आणि रांगेतल्या बाकीच्यांना पडद्यावर तसं दिसायचं, त्यामुळे भांडणं कमी झाली.

फाइल बंद करायची तीन कारणं होती: बरा होऊन घरी, दुसरीकडे हलवला, मयत. या तिसऱ्याचं काम डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम सांगितलं होतं. जुन्या सॉफ्टवेअरने एका वारलेल्या म्हाताऱ्याच्या घरी "आपली तपासणीची तारीख जवळ आली आहे" असा मेसेज पाठवला होता आणि त्याची बायको तो मोबाइल हातात घेऊन दवाखान्यात आली होती. तेव्हा मयत म्हटलं की बाकीचे सगळे मेसेज थांबावेत आणि घरच्यांना एकच जावा, माणसाने लिहिल्यासारखा. ताईने त्या मेसेजच्या तीन ओळींवर दोन दिवस घालवले. "आपल्या कुटुंबातील अमुक यांच्या निधनाने आम्हांला फार दुःख झाले आहे. अखेरपर्यंत आम्ही शक्य ते सर्व प्रयत्न केले. आपल्याला काहीही मदत लागली तर या नंबरवर बोला." तो मेसेज आलेली माणसं खरंच फोन करायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आमच्यापेक्षा तुमचं सॉफ्टवेअर चांगलं बोलतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ताईचा रक्तदाब ठीक राहिला असता.

पण सरांना शोध लागला. ते म्हणाले, खाट आणि खोली यात फरक काय? माणूस येतो, झोपतो, बिल देतो, जातो. आणि त्यांनी गुहागरच्या एका लॉजला 'निरामय' विकलं, 'निवांत' असं नाव देऊन. सरांना नावं सुचतात. आतलं सगळं तेच. ताईने कुरकुरत शब्द बदलले, काही नवीन जोडलं. लॉज चालू झालं. जादा गादीचे पैसे लावायची सोय नव्हती, ती ऑक्सिजन सिलिंडरच्या जागी बसवली, आणि एका पुण्याच्या कुटुंबाच्या बिलावर "ऑक्सिजन, दोन नग, एक रात्र" छापून आलं. तो फोन मी घेतला होता. त्या गृहस्थांना वाटलं होतं की हे समुद्राच्या हवेचे पैसे आहेत.

मग पालीला कोल्हापूर रोडवरचं एक गॅरेज. इथे मात्र ताईलासुद्धा तोंड मिटावं लागलं. गाडी आली, तक्रार काय ते लिहिलं, तपासलं, उपचार केला, घरी सोडलं, सहा महिन्यांनी परत तपासणीला बोलावलं. जवळजवळ काहीच बदलावं लागलं नाही. गॅरेजवाला खूश. सर तर इतके खूश झाले की ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला, कुरिअरवाल्यालासुद्धा, सांगायचे, "धंदा म्हणजे धंदा. शर्ट वेगळे, आतला माणूस एकच."

"गुरू," ताई म्हणाली, "गॅरेज जमलं ते नशिबाने जमलं. गाडी खरंच आजारी पडते म्हणून. म्हणजे सगळं जग आजारी आहे असं नाही."

"तू निगेटिव्ह आहेस," सर म्हणाले.

त्यानंतर दोन महिन्यांत सरांनी मिरकरवाडा बंदरावरच्या एका मच्छीमार सोसायटीशी बोलणं पक्कं केलं. बोटींची आणि खलाशांची नोंद, बर्फ, डिझेल, आणि जेटीवर मासळी उतरवायचे नंबर, असं सगळं त्यांना हवं होतं. ताई म्हणाली, मला महिनाभर बंदरावर बसू दे. सर म्हणाले, तू नेहमी बसायलाच मागतेस, मुलगी बघायला आल्यासारखी. त्यांनी दिवाळीआधीची तारीख दिली होती.

"बोट म्हणजे वॉर्ड नाही," ताई म्हणाली.

"का नाही? बोटीत खलाशी असतात, वॉर्डात पेशंट असतात."

"खलाशी बरा होऊन घरी जायला बोटीवर चढत नाही."

"शब्द बदल ना मग. मी कुठे म्हणतो पेशंटच लिही?"

त्याच आठवड्यात खेडला हॉस्पिटलची नवीन इमारत सुरू झाली आणि ताई तिकडे अडकली. सरांनी तोवर थांबायचं की नाही? नाही थांबले. आमच्याकडे रितेश म्हणून मुलगा आहे, सांगितलं तेवढं चोख करणारा. सरांनी त्याला कागदावर शब्दांच्या जोड्या लिहून दिल्या. रुग्णाच्या जागी सभासद. वॉर्डच्या जागी बोट. तातडीचा पेशंट, ते इथे लागत नाही, काढून टाक. बरा होऊन घरी, त्याच्या जागी हंगाम संपला. दुसरीकडे हलवला, त्याच्या जागी बोट बदलली. आणि मयत, तो शब्द बरा दिसत नाही, त्याच्या जागी सभासदत्व बंद.

रितेशने शब्द बदलले. त्या शब्दांच्या मागे काय काय बांधलेलं आहे ते बघायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सोसायटीचं नाव आणि फोन नंबर घालून, 'निळाई' असं नाव देऊन, ते चालू झालं.

सप्टेंबरच्या अखेरची गोष्ट. आदल्या दिवशी वाऱ्याचा इशारा लागून गेला होता, बऱ्याच बोटी जयगडच्या खाडीत आसऱ्याला गेल्या होत्या आणि एकेक करून परत येत होत्या. सोसायटीचे क्लार्क आत्माराम रिकामे होते, म्हणून त्यांनी राहिलेलं काम काढलं. ज्यांच्या बोटी विकल्या गेल्या होत्या, अशा दहाबारा जणांचं सभासदत्व बंद करायचं होतं. त्यांनी एकेक नाव काढून बटण दाबलं.

दुपारी सपोर्टचा फोन वाजला, आमचा नंबर सोसायटीतून मिळाला होता. एका माणसाने विचारलं, "मी मेलो असा मेसेज माझ्या सुनेला आलाय. आता मी जेवू की नको?" मला वाटलं कोणीतरी मस्करी करतंय. मी त्यांना मेसेज पुढे पाठवायला सांगितला. तोवर दुसरा फोन. हा माणूस हसत नव्हता.

मेसेज आला तो मी वाचला आणि ताईसमोर धरला. त्याच दिवशी ती खेडहून परतली होती. तिने वाचलं. मला वाटलं आता शुद्ध भाषा सुरू होणार. पण ती एवढंच म्हणाली, "हे माझं आहे."

आत्मारामांना फोन लावला. त्यांनी किती नावं बंद केली ते सांगितलं. बाकी सगळे घरी नाहीतर बाजारात होते, त्यांना त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं. फक्त एकाचा फोन लागत नव्हता. युसुफ होडेकर. त्याची स्वतःची बोट भागीदाराने विकली होती आणि तो या मोसमात दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, म्हणून जात होता. ती बोट बाहेर होती. मेसेज त्याच्या बायकोच्या, रुबिनाच्या मोबाइलवर गेला होता आणि ती फोन उचलत नव्हती.

सर म्हणाले, "आपण दुसरा मेसेज पाठवू. चुकून गेला, दुर्लक्ष करावे."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि स्कूटरची चावी घेतली. मी मागे बसले. सरांनी मला थांबवलं नाही, पण आता फोन कोण घेणार याची काळजी त्यांना पडली होती.

होडेकरांच्या दारात चपलांचा ढीग होता. आत बायका बसलेल्या, कोणीतरी दुआ पुटपुटत होतं. रुबिना तिशीची, भिंतीला टेकून बसलेली, रडत नव्हती. मोबाइल मांडीवर उलटा ठेवलेला. ताईने सलाम केला, समोर बसली आणि सरळ सांगितलं, "हा मेसेज सोसायटीने नाही पाठवला, कॉम्प्युटरने पाठवला. चुकीने. बोट विकली म्हणून नाव कमी करायचं होतं, तेवढंच. मेसेज मी लिहिलेला आहे, तो दवाखान्यासाठी होता."

रुबिनाने तिच्याकडे बघितलं. "म्हणजे ते जिते हायत?"

मला कळेना ताई होय का म्हणत नाही. मग माझ्या लक्षात आलं. मेसेज चुकीचा होता एवढंच आम्हांला माहीत होतं. माणसाचं आम्हांला काहीच माहीत नव्हतं. कालपर्यंत वारा होता, बोट बाहेर होती.

"मला ठाऊक नाही, बाय," ताई म्हणाली. "पण मेसेज लिहिणाऱ्याला पण ठाऊक नव्हतं. चल, विचारून येऊ."

रुबिना उठली नाही. तिने मोबाइल सुलटा केला, पडद्यावर बोट ठेवलं. "हितं लिवलाय, अखेरपर्यंत शक्य ते सर्व प्रयत्न केले. मी दोन तास हाच वाचतंय. काय प्रयत्न केले? किती बोटी गेल्या शोधायला? मना कोणी का नाय सांगितला? ता सांगा आधी."

हेच वाक्य खेडमध्ये लोकांना धीर देत होतं. डॉक्टरांनी हात टेकले नाहीत, एवढं त्यातून कळायचं. इथे त्याचा अर्थ असा झाला होता की माणूस समुद्रात पडला, शोधला, सापडला नाही, आणि बायकोला कळवायची कोणाला गरज वाटली नाही. ताईचा चेहरा एवढा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. तिने रुबिनाचा हात धरला आणि तिला उठवलं.

सोसायटीच्या ऑफिसात वायरलेसवर आत्माराम बसलेच होते. त्या बोटीशी थेट बोलणं होत नव्हतं. जयगडहून निघालेल्या एका बोटीने सांगितलं, होय, दिसली होती सकाळी, आम्ही विचारतो. मग नुसती खरखर. रुबिना खुर्चीवर बसायला तयार नव्हती. ताई तिच्याबरोबर उभी राहिली. सरांचे फोन येत होते, ताईने मोबाइल माझ्याकडे दिला. सर विचारत होते, परिस्थिती हाताळली का. मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही.

बऱ्याच वेळाने खरखरीतून आवाज आला. आधी दुसऱ्या कोणाचा, मग एक जाड, वैतागलेला आवाज. "युसुफ बोलतंय. काय झालाय? जाळा काढताना कोण बोलवतो?"

रुबिना माइकजवळ गेली, पण तिला बोलता आलं नाही. आत्मारामांनी सांगितलं काय घडलं ते. तो म्हणाला, "मी मेलो, ता मना कोण सांगणार होता? का मी पण वाचायचा होता मेसेज?" आणि मग आवाज बदलून, "रुबिना, घरी जा. पोरांना जेवायला घाल. उद्या येतंय मी."

रुबिना तेव्हा रडली. जाताना तिने ताईकडे वळून म्हटलं, "तुमचा मेसेज चांगला लिवलेला हाय. म्हणूनच मना खरा वाटला." तिने ते रागाने म्हटलं की कसं, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जी सभा झाली ती मी गॅलरीतून ऐकली, दार उघडं ठेवून.

"मेसेज बंद केला की प्रश्न संपला," सर म्हणाले.

"प्रश्न मेसेजचा नाही. आपण एक रोप उचललेत आणि त्याच्या खालची मुळे तशीच घेऊन आलात. खालची माती कोणती हे विचारले नाहीत."

"आपण? हफीजा, तू मला आपण म्हणतेस."

"आपल्याला अजून पुष्कळ काही म्हणावेसे वाटते आहे."

सर चिडले. त्यांचंही काही खोटं नव्हतं. प्रत्येक गिऱ्हाईकासाठी पायापासून बांधायचं ठरवलं तर आमच्यासारखं ऑफिस सहा महिन्यांत मिठाईवाल्याच्या गोदामाला जाईल. रत्नागिरीतल्या लॉजवाल्याला, गॅरेजवाल्याला परवडेल असं काही करायचं तर केलेलंच परत वापरायला हवं. हे ते दोनदा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ताईची भाषा खाली उतरली.

"मी कुठे नको म्हणते, गुरू? वापर की. लोकांची नावं, फोन, पासवर्ड, बिल छापणं, कर लावणं, रात्री सगळ्याची प्रत काढून ठेवणं, हे सगळीकडे सारखंच. ते घे आणि कोणालाही वीक. पण जिथे सॉफ्टवेअर काहीतरी ठरवतं, कोण आधी, कोण बंद, कोणाला काय कळवायचं, तिथे मला जाऊन बसू दे. लांबून सगळे धंदे सारखेच दिसतात. लांबून होडी पण पाटासारखी दिसते."

"किती दिवस बसणार?"

"तुझा रुमाल नाकावरून खाली येईपर्यंत," ती म्हणाली, कारण सर बंदरावर गेले की नाकाला रुमाल लावतात.

तर ती बसली. सोसायटीने आमच्याशी काम तोडलं नाही, त्याला कारण आत्माराम. ते म्हणाले, ज्या बाईने येऊन तोंड दाखवलं तिलाच काम करू दे. युसुफ होडेकर मात्र जेटीवर ताई दिसली की लांबून ओरडायचा, "आज मी हाय का नाय, बघून सांगा." ती त्याला दरवेळी सांगायची, "आहात." पहिल्या आठवड्यात त्याला हे मजेचं वाटत होतं की नाही कोणास ठाऊक. नंतर वाटायला लागलं.

रोज संध्याकाळी ती ऑफिसात यायची तेव्हा तिला मासळीचा वास यायचा आणि ती वैतागलेली असायची. बंदरावर कोणी थांबून काही सांगत नाही. लिलाव इतका भराभर होतो की ताईला पहिले काही दिवस कोण विकतंय आणि कोण घेतंय हेच कळलं नाही. त्यात आम्ही लावलेल्या नंबरांवरून रोज भांडणं. जेटीला जागा थोडी. जी बोट आधी आली तिचा नंबर आधी, हे हॉस्पिटलातून आलेलं, ताईचंच. पण आधी आलेली बोट सुरमई बर्फात नीट पुरून आलेली असायची, ती निवांत थांबू शकायची. मागून आलेल्या बोटीत तारलीसारखी लवकर नासणारी मासळी असायची, बर्फ संपलेला, आणि नंबर येईपर्यंत ती खतात द्यायच्या लायकीची व्हायची. तांडेल आत्मारामांना शिव्या द्यायचे, आत्माराम पडद्याकडे बोट दाखवायचे, पडदा तर आमचा. ताई म्हणाली, "हे नंबराचं मुळातच चुकलंय. दवाखान्याचं काहीही इथे आणायला नको होतं. मी सगळं नवीन लिहिते." तिने तसं लिहायला घेतलं, आठवडाभर लिहिलं, आणि दर दोन दिवसांनी पुसलं.

एके सकाळी सर काम कुठवर आलं ते बघायला जेटीवर आले. मीही होते, आत्मारामांच्या प्रिंटरचं काहीतरी होतं. सरांच्या नाकाला रुमाल. समोर दोन तांडेल एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात. सरांनी रुमालातून विचारलं, काय चाललंय? मी सांगितलं, आधी आलेला म्हणतो माझा नंबर, मागचा म्हणतो माझा माल चाललाय.

"मग हे कॅज्युअल्टीसारखंच झालं की," सर म्हणाले. "आधी आला त्याचं नाही, आधी मरेल त्याचं बघायचं."

ते सहज म्हणाले. त्यांचं लक्ष चपलेला लागलेल्या चिखलाकडे होतं. पण ताई एकदम त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "आपले म्हणणे विचार करण्याजोगे आहे."

सर घाबरले. त्यांना वाटलं आपण परत काहीतरी केलं.

खेडचा तो भाग, नंबर तोडून तातडीच्या पेशंटला पुढे घेणारा, रितेशने काढून टाकला होता. ताईने तो जसाच्या तसा परत आणला. छातीत दुखणं, श्वास लागणं, ताप याच्या जागी कुठली मासळी, किती बर्फ उरलाय, बोट किती दिवस बाहेर होती, एवढं आत्माराम वायरलेसवर विचारून भरतात. बाकीच्यांना पडद्यावर दिसतं की अमुक बोट पुढे का गेली. भांडणं संपली नाहीत, बंदर आहे ते. पण आता भांडण पडद्याशी नसतं, एकमेकांशी असतं, आणि ते सगळ्यांना सवयीचं आहे. म्हणजे दवाखाना आणि बंदर या ज्या दोन जागी काही म्हणता काही सारखं नाही असं ती दोन महिने सांगत होती, तिथलाच एक भाग गॅरेजपेक्षाही चपखल बसला. आणि तो कुठे बसेल ते दाखवलं सरांनी.

"मला याचा राग नाही आला की मी चुकले," संध्याकाळी ती मला म्हणाली. "याचा आला की हा माणूस बरोबर निघाला. आणि का निघाला ते त्याला माहीतच नाही. आता वर्षभर ऐकायचं मी."

वर्ष तर अजून जायचंय, पण ऐकणं सुरू आहे. सर सगळ्यांना सांगतात की बंदराची कल्पना त्यांची. ती खोटीही नाही, त्यामुळे ताईला काही बोलता येत नाही. फाइल बंद करायचं कारण आता प्रत्येक धंद्यासाठी वेगळं लिहायचं असा नियम तिने केला आहे आणि तो रितेशच्या टेबलावर चिकटवला आहे. मेसेजचा मजकूर गिऱ्हाईकाने स्वतः वाचून सही केल्याशिवाय चालू होत नाही. लॉजच्या बिलावर गादीला आता गादी म्हणतात.

या सोमवारपासून ती पावसला आंब्याच्या रसाच्या एका कारखान्यात बसायला जाते आहे. मालक दोनदा फोन करून मला विचारून गेले, या मॅडम नुसत्या बघत का बसतात, काही विचारत का नाहीत. मी म्हटलं, विचारतील, तोवर चहा द्या. पालीच्या एका मंगल कार्यालयाला सरांनी गॅरेजचंच सॉफ्टवेअर कबूल केलं आहे, ते तिला अजून माहीत नाही. गाडी येते, सजते, जाते, असं काहीतरी ते फोनवर म्हणत होते. "ताईला मी स्वतः सांगतो, तू मध्ये पडू नकोस," असं त्यांनी मला बजावलं, आणि दोन दिवसांच्या रजेवर गेले.